इंदूरहून विमानानं निघालात, तर खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं कामानिमित्त माझं इंदूर–मुंबई येणंजाणं चालू आहे, आणि खिडकी सोडून दुसऱ्या जागेवर मी राजीखुशीनं कधी बसलेलो नाही. ही गोष्ट राजेंद्रनगरात एकदा पसरली आणि तेव्हापासून वेब चेक-इन उघडलं की लोक मला फोन करतात. ‘ए घेऊ की एफ?’ कुणी लग्नाच्या पंगतीत विचारतं, कुणी सकाळी पोह्याच्या गाडीवर, जिलबीचा घास हातात धरून. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो आहे.

ए आणि एफ म्हणजे काय? डावी कोणती, उजवी कोणती?

पायलटकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताची खिडकी ए, उजव्या हाताची एफ. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ मध्ये एका ओळीत सहा जागा असतात, ए पासून एफ पर्यंत. पंख्यांच्या छोट्या विमानात, म्हणजे एटीआरमध्ये, चारच असतात: ए, सी, डी, एफ. म्हणजे तिथंही खिडकी ए आणि एफलाच. बी आणि ई या मधल्या जागा. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही.

चांगली बाजू कोणती, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता आलं असतं तर हे एवढं लिहायला बसलो नसतो. जाताना ए चांगली असेल तर येताना तेच दृश्य एफला येतं, कारण विमानाचं तोंड फिरलेलं असतं. सकाळच्या विमानाला जी बाजू छान, ती संध्याकाळच्या विमानाला डोळ्यांवर ऊन मारते. ‘ए सीट बेस्ट’ असं छातीठोक सांगणाऱ्यानं एकाच वेळेला, एकाच दिशेनं प्रवास केलेला असतो.

करायचं एवढंच. फोनवर नकाशा उघडा आणि तो असा फिरवा की जायचं गाव वर आणि इंदूर खाली येईल. दोन्हींच्या मधे मनातल्या मनात रेघ ओढा. रेघेच्या डावीकडे जे आहे ते एला दिसणार, उजवीकडे जे आहे ते एफला. आता त्या वेळी सूर्य कुठं असेल ते बघा: सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, आणि हिवाळ्यात भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला. ज्या बाजूला ऊन, तिथं बाहेर सगळं पांढुरकं दिसतं आणि शेजारचे काका दहाव्या मिनिटाला झडप ओढायला लावतात. सूर्य पाठीशी असलेल्या बाजूला मात्र शेतांचे बांधसुद्धा मोजता येतात. नकाशा आणि ऊन यांचं भांडण लागलं, तर मी उन्हाचं ऐकतो.

इंदूर–मुंबईला कोणती बाजू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. सकाळच्या विमानाला एफ, दुपारनंतरच्याला ए.

विमान साधारण नैर्ऋत्येला जातं. म्हणजे एची खिडकी आग्नेयेकडे बघते आणि एफची वायव्येकडे. सकाळी ए भाजते, संध्याकाळी एफ. बाकी दोन्ही बाजूंना बघण्यासारखं भरपूर आहे, आणि हा सव्वा तासाचा प्रवास अर्धे लोक झोपून काढतात याचं मला अजून नवल वाटतं.

बिजासन टेकडीजवळून उडाल्यावर थोडा वेळ माळव्याची सपाट काळी जमीन असते. मग महूच्या पुढं पठार एकदम संपतं. बसनं जाताना मानपूरचा घाट लागतो, तीच ही जागा. पण बसमधून फक्त वळणं कळतात. वरून विंध्याचा अख्खा काठ दिसतो, चादरीची किनार कुरतडल्यासारखा, आणि खाली निमाड. एफला बसलात तर याच काठावर मांडू आहे. जहाज महाल एवढ्या उंचीवरून ओळखू येत नाही, उगाच शोधत बसू नका. खोल दरीनं माळव्यापासून जवळपास तोडलेलं ते पठार मात्र ओळखू येतं, आणि सुलतानांनी गड तिथंच का बांधला हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा लवकर समजतं.

उड्डाणानंतर दहा-एक मिनिटांत नर्मदा येते. एला बसलेल्यांना खलघाटचा पूल आणि त्याच्या पलीकडे महेश्वरच्या बाजूचं पात्र. एफला बसलेल्यांना धरमपुरी–बडवानीकडचं, सरदार सरोवरामुळे फुगलेलं पाणी. ते धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की पाणी इतक्या आतपर्यंत चढतं की नदी कुठं संपली आणि तलाव कुठं सुरू झाला ते सांगता येत नाही. पावसाळा संपता संपता बघावं.

इथं आईची गोष्ट सांगतो. तिनं जन्मभर नर्मदा खलघाटच्या पुलावरून ओलांडली, धुळ्याच्या बसमध्ये बसून, आणि प्रत्येक वेळी खिडकीतून नाणं टाकलं. पहिल्यांदा तिला विमानानं मुंबईला नेलं तेव्हा ए दिली आणि म्हटलं, नर्मदा आली की सांगतो. तिनं रुमालाची गाठ सोडून रुपया काढून मुठीत धरला. उडाल्यावर पाच मिनिटांत डावीकडे कुठलासा तलाव चमकला आणि तिनं हात जोडले. मी म्हटलं, अगं ही नव्हे. मग खरी नर्मदा आली, तर ती बघतच राहिली, हात जोडायचं विसरून. ‘एवढीशी दिसते होय,’ म्हणाली. मग मुठीतल्या रुपयाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि तो माझ्या हातावर ठेवला. ‘तू परत जाशील तेव्हा बसनं जा.’ गेलो बसनं. काय करणार.

नर्मदेनंतर सातपुडा, मग शिरपूर–दोंडाईचाच्या आसपास तापी. या दोन्ही नद्या पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात आणि मधे सातपुडा आडवा पडलेला आहे, हे शाळेत घोकलेलं वाक्य इथं दहा मिनिटांत पुरं होतं. पुढं सह्याद्री. उजवीकडे बागलाणात साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. डावीकडे नाशिक आणि हवा स्वच्छ असेल तर लांब कळसूबाई, १६४६ मीटर. शिखर नेमकं कोणतं ते कळलं नाही तरी डोंगरांच्या पायऱ्या पाहा. लाव्हाचे थर एकावर एक साचून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड तयार झाला. खालून चढताना जो नुसता कडा वाटतो, तो वरून जिन्यासारखा दिसतो.

मुंबईत विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतं. तेव्हा डावीकडे ठाण्याची खाडी, वाशीचे पूल आणि खारफुटी. उजवीकडे पवईचा तलाव आणि त्यामागं राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. हे जुन्या विमानतळापुरतं झालं. आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा आधी तिकिटावर नीट बघा कुठं उतरायचं आहे ते.

आणि मुंबईहून परत येताना?

उलट. सकाळी ए, संध्याकाळी एफ. फक्त उडतानाचा एक मोह असतो: मुंबईहून विमान बहुधा समुद्राकडे उडतं, आणि तेव्हा एच्या खिडकीत समुद्राचा किनारा आणि दूरवर वांद्र्याकडचा भाग येतो. ते मिनिटभरच. त्या मिनिटासाठी पुढचा तासभर ऊन खायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी खाल्लेलं आहे.

इंदूरला उतरताना शहर कोणत्या बाजूला दिसतं?

आपली धावपट्टी पूर्व–पश्चिम, थोडी तिरकी आहे आणि शहर विमानतळाच्या पूर्वेला. वारा पश्चिमेचा असला की विमान शहरावरून येऊन उतरतं. तेव्हा राजवाडा आणि जुनं इंदूर डावीकडे, म्हणजे एला. अगदी शेवटी सिरपूरचा तलावही त्याच बाजूला. एफला सुपर कॉरिडॉरचे रुंद रस्ते आणि मोकळी जमीन. विमान पश्चिमेकडून आलं तर शहर दिसतच नाही, पण डावीकडे यशवंत सागर लागतो. सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्हींना २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. म्हणजे दोन्हीकडून उतरताना ए. इंदूरपुरता तरी हा नियम मला सापडला आहे.

रात्री उतरणार असाल तर आणखी सोपं: ए घ्या आणि डोक्यावरचा दिवा बंद करा.

पुण्याला?

दिवसभर एफ. विमान दक्षिणेला, जरा पश्चिमेकडे झुकून जातं. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती महेश्वरला जवळपास चाटून जाते. पुढं उजव्या हाताला लांब सह्याद्रीची रांग, भंडारदऱ्यापासून हरिश्चंद्रगडापर्यंत. संध्याकाळी एफला ऊन येतं हे खरं, पण तेव्हा डोंगरांच्या कडा काळ्या उठून दिसतात, म्हणून हा एक अपवाद. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथल्या फोटोंबद्दल पुढं वाचा.

दिल्लीला?

विमान जवळपास सरळ उत्तरेला जातं, त्यामुळे हिशोब सोपा. सकाळी सूर्य उजवीकडे, म्हणून ए घ्यावी, संध्याकाळी एफ. एला लांबवर गांधीसागर दिसू शकतो. चंबळेवरचं १९६० सालचं धरण, आणि त्याचं पाणी समुद्रासारखं पसरलेलं. एफला श्योपूरकडची बाजू येते, कुनोचं जंगल आणि त्यापुढं चंबळेच्या घळी. जमीन कुणी नखांनी ओरबाडल्यासारखी दिसते. चित्ते दिसत नाहीत. एकानं खरंच विचारलं होतं.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीजवळ धुक्याशिवाय काही दिसत नाही. तेव्हा कुठलीही बाजू घ्या आणि विमान वेळेवर सुटलं तर देवाचे आभार माना.

बेंगळुरूच्या विमानातून लोणार दिसतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण नशीब लागतं. इंदूर–बेंगळुरू सरळ रेघ ओढली तर लोणार त्या रेघेच्या पूर्वेला, वीस किलोमीटरच्या आत येतं. म्हणून जाताना ए, येताना एफ. विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. पस्तीस हजार फुटांवरून ते नखाएवढं दिसतं, पण गोलच्या गोल, मधे पाणी आणि कडेला झाडांची हिरवी कड. बाकी सगळ्या मुलखात असा कंपासनं काढलेला गोल दुसरा नाही, त्यामुळे ओळखायला वेळ लागत नाही. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेलं हे विवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हाच्या बातम्या आठवत असतील.

विमान दर वेळी सरळ रेघेनं जात नाही. वाहतूक नियंत्रण सांगेल तसं आणि ढग असतील तसं ते वळसे घेतं. म्हणून आदल्या दिवशी फ्लाइटरडार२४ वर तुमच्याच क्रमांकाचं विमान कुठून गेलं ते पाहून ठेवा. ती रेघ माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा भरवशाची. हैदराबादचं विमान लोणारच्या बऱ्याच पूर्वेकडून जातं. त्यात लोणारसाठी एफ घ्यावी लागेल आणि अंतरही खूप पडेल.

ओंकारेश्वरचं बेट वरून ॐ सारखं दिसतं का?

मला नाही दिसलं. बेंगळुरूला जाताना एच्या खिडकीतून मी ते दोनदा पाहिलं आहे: लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं, मधे टेकडीचा उंचवटा. शेजारच्या मावशींना मात्र दिसला आणि त्यांनी मला बोटानं काढून दाखवला, चंद्रबिंदीसकट. धरण आणि त्यामागचं पाणी अगदी स्पष्ट दिसतं, आणि आता त्या पाण्यावर तरंगणारे सौर पॅनेल आहेत, काळ्या चटयांसारखे. तेच आधी ओळखू येतात, त्यावरून बेट शोधायचं.

हिमालय बघायचा आहे. दिल्लीहून पुढं कोणती बाजू?

बागडोगरा, गुवाहाटी किंवा काठमांडू: जाताना ए, येताना एफ. विमान पूर्वेला जातं, हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे. यात गोंधळ होण्यासारखं काही नाही. बागडोगऱ्याच्या वाटेवर हवा साफ असेल तर एव्हरेस्ट आणि नंतर कांचनजंगा. पस्तीस हजार फुटांवरून क्षितिज साधारण ३७० किलोमीटर लांब असतं आणि शिखरं त्याच्याही वर डोकावतात, त्यामुळे अंतराची काळजी नको. पहिल्यांदा बघणारे त्यांना ढगच समजतात. ढगांची खालची कड हलते, शिखरं जागची हलत नाहीत.

लेहला जाताना दोन्हीकडे डोंगरच डोंगर आहेत. विमानं सकाळची असतात, सूर्य उजवीकडे. म्हणून ए. नून आणि कून ही जोडशिखरंही त्याच बाजूला. श्रीनगरला जाताना मात्र एफ, कारण हिमालयाची मुख्य रांग पूर्वेला राहते.

इंदूरहून जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: इंदूर–दिल्ली आणि दिल्ली–बागडोगरा या दोन विमानांत दोन वेगळ्या जागा निवडायच्या असतात. दोन्हीकडे सारखाच क्रमांक पडला म्हणून खूश होणारे मी पाहिलेत.

पंख मधे येऊ नये म्हणून कोणती ओळ?

ए३२० मध्ये ढोबळमानानं दहा ते वीस या ओळींना खाली पंखच दिसतो. वेब चेक-इनच्या नकाशावर बहुधा पंखाची आकृती काढलेली असते, ती बघायची. पुढच्या सात-आठ ओळी सगळ्यांत उत्तम: आवाज कमी, खाली आणि पुढंही दिसतं. मागच्या, बावीसनंतरच्या ओळीही चालतील, पण तिथून पुढं बघितलं तर इंजिनाच्या गरम हवेतून दृश्य थरथरताना दिसतं, तव्यावरच्या वाफेसारखं. फोटो काढणाऱ्यांना हे घरी गेल्यावर कळतं.

ए३२१ लांब आहे, त्यात हे आकडे मागं सरकतात. आणि आपत्कालीन दाराच्या ओळी पाय लांब करायला चांगल्या, पण त्या पंखावरच असतात आणि लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना तिथं बसू देत नाहीत. आईला तिथली जागा घेऊन दिलीत तर ऐन वेळी उठवतील.

पंख दिसला म्हणजे वाया गेलं असं मात्र नाही. उतरताना पंखाच्या मागच्या फळ्या कशा उघडत जातात ते एकदा जवळून बघावं. माझा भाचा दुसरं काही बघतच नाही.

खिडकीची जागा घेतली आणि खिडकीच नव्हती. असं होतं का?

होतं, आणि माझ्याबरोबर झालं आहे. जास्तीचे पैसे भरून ११ ए घेतली होती. जाऊन बसलो तर शेजारी सपाट भिंत. पुढच्याच्या खिडकीचा मागचा काठ आणि मागच्याच्या खिडकीचा पुढचा काठ, मधे मी. हवाई सुंदरीला म्हटलं तर ती हसून म्हणाली, ‘सर, ये विंडो साइड सीट है, विंडो सीट नहीं.’ सव्वा तास मी त्या भिंतीवरचा स्क्रू बघत मुंबईला पोचलो.

कारण पुढं कळलं. बोइंग ७३७ मध्ये वातानुकूलनाच्या नळ्या भिंतीतून वर जातात, तिथं खिडकी काढलेली नसते. नवव्या ते अकराव्या ओळीच्या आसपास, बहुधा डावीकडे हा प्रकार असतो. ए३२० मध्ये भिंत येत नाही, पण कंपन्या ओळी जवळजवळ बसवतात आणि खिडक्यांचं अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे काही ओळींत खिडकी खांद्याच्या मागं जाते. पैसे भरण्याआधी विमानाचा प्रकार बघा आणि इंटरनेटवरच्या जागांच्या आराखड्यांवर भरवसा ठेवताना तो आराखडा तुमच्याच कंपनीचा आहे ना, हे तपासा.

एटीआर म्हणजे पंख्याचं विमान. त्याची भीती वाटते.

मला तर तेच आवडतं. जवळच्या शहरांना हे विमान लावतात. त्याचा पंख छताच्या वर असतो, त्यामुळे कुठल्याही ओळीत बसा, खालचं दृश्य मोकळं. उडतंही खालून, साधारण पंचवीस हजार फुटांच्या आत, त्यामुळे नुसती शेतं नाही तर शेतातला ट्रॅक्टरही दिसतो. पंख्याच्या अगदी शेजारच्या ओळी तेवढ्या टाळा, आवाज फार असतो. चढायचं मागच्या दारानं, म्हणून मागच्या ओळीवाले आधी उतरतात. जबलपूरला असं विमान मिळालं तर एफ घ्या: नर्मदेचं खोरं आणि पलीकडे पचमढीचा सातपुडा सगळा उजवीकडे.

कोणत्या महिन्यात सगळ्यांत चांगलं दिसतं?

ऑक्टोबर. पावसानं हवा धुतलेली असते, नद्या भरलेल्या, आणि माळवा अजून हिरवा. एप्रिल-मेमध्ये धुळीचा पडदा असतो. वरचं आकाश निळं आणि खाली सगळं चहाच्या रंगाचं. भर पावसाळ्यात जमीन दिसत नाही, पण ढगांचे मनोरे दिसतात, आणि इंद्रवज्र दिसण्याची शक्यता तेव्हाच.

इंद्रवज्र? ते तर हरिश्चंद्रगडावर दिसतं ना?

तेच ते. कोकणकड्यावर उभं राहिलं की खालच्या धुक्यात आपल्या सावलीभोवती रंगीत कडं पडतं. विमानातून ते ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती दिसतं, पुरं गोल. ढगातले पाण्याचे बारीक थेंब उजेड उलटा परत पाठवतात म्हणून ते बरोबर सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडतं. म्हणजे उन्हाच्या बाजूला बसलात तर कधीच दिसणार नाही. सावलीच्या बाजूला बसा, खाली ढगांचा सलग थर येऊ द्या आणि विमानाची सावली शोधा. सावली मोठी होत गेली की समजा ढग जवळ आले.

खिडकीच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं. हवा गळते का?

नाही. ते भोक मुद्दाम पाडलेलं असतं. खिडकीला तीन थर असतात. बाहेरचा थर दाब पेलतो, मधल्याला भोक असतं, म्हणजे त्या दोन थरांमधल्या पोकळीतला दाब आतल्या केबिनइतकाच राहतो आणि काच धुरकटत नाही. आतला थर फक्त आपल्या ओरखड्यांपासून वाचवायला. थंडीत त्या भोकाभोवती बर्फाच्या नक्षीचं फूल उमलतं. बाहेर काहीच दिसत नसेल तेव्हा ते बघा.

फोटो चांगले येत नाहीत, काचेत आपणच दिसतो.

फोन काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवला की विमानाची थरथर फोटोत उतरते. भोवती ओढणी किंवा काळा रुमाल धरला की आतलं प्रतिबिंब जातं. गॉगल पोलरायझरवाला असेल तर काढून ठेवा, नाहीतर काचेवर रंगीत पट्टे दिसतील. विमान डावीकडे वळलं की एवाल्यांना जमीन आणि एफवाल्यांना नुसतं आकाश, आणि उजवीकडे वळलं की उलट. इंदूरहून पश्चिमेकडे उडून दक्षिणेकडे वळताना एवाल्यांनी फोन हातात धरून बसावं.

फोटो कुठं काढायचे नाहीत?

पुणे, ग्वाल्हेर, लेह, श्रीनगर हे हवाई दलाचे तळ आहेत, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथं उतरताना-उडताना आणि जमिनीवर असताना फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत. कर्मचाऱ्यांनी झडप लावायला सांगितली तर वाद न घालता लावायची. ग्वाल्हेरचा किल्ला कितीही छान दिसला तरी. एरवी उडताना आणि उतरताना झडप उघडी ठेवायला सांगतात, म्हणजे बाहेर काही बिघडलं तर कर्मचाऱ्यांना आणि प्रवाशांना दिसावं म्हणून.

खाली कोणतं गाव आहे ते कसं कळणार?

घरून निघताना गूगल मॅप्सवर तो टापू उतरवून ठेवा. फोन फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएस चालतं, फक्त फोन खिडकीला लावून एक-दोन मिनिटं धीर धरावा लागतो. मग निळा ठिपका तुमच्याबरोबर सरकत राहतो. मागच्या महिन्यात शेजारचा शाळकरी मुलगा त्या ठिपक्यावरून ‘आता सेंधवा, आता शिरपूर’ असं मोठ्यानं ओरडत होता. मागच्या दोन ओळी जाग्या झाल्या, पण कुणी रागावलं नाही.

खिडकीसाठी पैसे भरावे का?

वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं. तेव्हा मागच्या ओळींत कधी कधी खिडकी फुकट मिळते. हिमालयाच्या वाटेवर पैसे भरा, मागंपुढं बघू नका. रात्रीच्या दिल्लीच्या विमानाला एक रुपयाही भरू नका.

माझ्या खिडकीत आधीच कुणीतरी बसलेलं असतं.

बोर्डिंग पास दाखवा. ‘अंकल, ये मेरी है’ एवढं पुरतं. म्हातारं माणूस असेल आणि पहिल्यांदाच विमानात बसलं असेल, तर मी सोडतो, पण एका अटीवर: नर्मदा आली की मला मधून वाकून बघू द्यायचं.